फॉस्टर मूल, पालक कुटुंब आणि आपली गल्ली: बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आम्ही दहा-बाराजण फॉस्टर कुटुंबांच्या मदतीला जातो. आमची नोंदणी झालेली संस्था नाही. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी शिंपी, कुणी रिक्षा चालवतो, दोघी अंगणवाडीत आहेत. हळदी-कुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथं एकत्र केलेत. मुलांची नावं आणि गावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. कारण पुढं येईलच.

फॉस्टर म्हणजे दत्तकच ना?

नाही. दत्तक घेतलं की मूल कायद्यानं कायमचं तुमचं होतं, वारसाहक्कासकट. फॉस्टरमध्ये मूल तुमच्या घरी राहतं, जेवतं, शाळेला जातं, पण त्याचं नाव-आडनाव त्याचंच राहतं आणि आई-वडिलांशी नातं तुटत नाही. आई-वडिलांचं घर सावरेपर्यंत, काही महिने किंवा काही वर्षं, बाल कल्याण समिती (मुलाला कुठं ठेवायचं याचा आदेश देणारी सरकारी समिती) त्याला तुमच्याकडं सोपवते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४४ व्या कलमात याची तरतूद आहे. मराठीत याला प्रतिपालकत्व म्हणतात, कचेरीत कन्नडमध्ये ‘पोषकत्व’ ऐकाल. दत्तकाला ‘दत्तु’ म्हणतात. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच टेबलावर पाठवलं जातं.

पुढं मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं ठरलं, तर ज्या घरात ते वाढलं त्या घराला अर्ज करता येतो. त्यासाठी पूर्वी पाच वर्षं सांभाळलेलं असावं लागे, केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती मुदत दोन वर्षांवर आणली. पण दत्तक लवकर मिळावं म्हणून फॉस्टरच्या दारानं शिरू नका. उद्या मुलाची आई बरी होऊन आली तर तुम्हाला तिचा राग येईल, आणि तो राग मुलाला दिसेल.

आश्रम आहेत, हॉस्टेलं आहेत. मग घर कशाला?

संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. संस्थेतल्या ताई जीव तोडून काम करतात, आम्ही जवळून पाहिलंय. पण पंचवीस-तीस मुलांत ‘आज डबा तसाच का परत आणलास?’ हे एकेकाला विचारायला वेळ कुठला? घरात ते न सांगता विचारलं जातं.

आम्ही आमच्या भाचीला सांभाळतो. आम्हाला हे लागू आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सीमाभागात आई-बापाविना राहिलेली बहुतेक मुलं आजी, मामा, आत्या यांच्याकडंच असतात, आणि त्या घरांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

फॉस्टर हे नात्याबाहेरच्या कुटुंबासाठी आहे. नात्यातल्या घरासाठी त्याच कायद्यात ४५ वं कलम आहे, प्रायोजकत्वाचं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागं महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. उत्पन्नाची अट आहे: खेड्यात वर्षाला ७२,००० रुपयांपर्यंत, इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत. आई विधवा किंवा टाकलेली असेल, आई-बाप जीवघेण्या आजारात असतील, मूल अनाथ होऊन नातेवाइकांकडं राहत असेल, अशा घरांना अर्ज करता येतो.

इथं एक गोंधळ नेहमी होतो. आपण टीव्हीवर मराठी बातम्या बघतो, पाहुणे चंदगड-गडहिंग्लजचे, त्यामुळं ‘बालसंगोपन योजना’ कानावर येते आणि लोक त्याच नावानं इथं चौकशी करतात. ती महाराष्ट्र सरकारची योजना आहे. तुमचं रेशनकार्ड, आधारचा पत्ता आणि मुलाची शाळा कर्नाटकात असेल तर इथल्या जिल्हा बाल संरक्षण घटकात, म्हणजे मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत, मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्व मागा. ‘प्रायोजकत्व’ हा शब्द कन्नडमध्येही तोच आहे, लगेच कळतो. यळ्ळूरकडच्या एका आजीनं नातवासाठी दोन वर्षं कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून फॉर्म मागवून भरले होते. सगळे फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याखाली, नीट घडी घालून ठेवलेले. एकही उपयोगाचा नव्हता.

फॉस्टर पालक कोण होऊ शकतं?

विवाहित जोडपं असेल तर दोघांचीही इच्छा हवी. २०२४ च्या सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, लग्न झालेलं असो वा नसो, घटस्फोटित असो वा विधवा. एकट्या बाईकडं मुलगा किंवा मुलगी कुणीही येऊ शकतं, एकट्या पुरुषाकडं फक्त मुलगा. घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते, पोलिसांकडून चौकशी होते, घरी येऊन पाहणी होते. येणारी मुलं साधारण सहा वर्षांच्या पुढची असतात. तान्हं बाळ मिळेल या आशेनं येऊ नका.

केंद्राच्या नमुना नियमांत पालक कुटुंबाच्या निकषांमध्ये शेजारी आणि मित्रपरिवाराचा आधार असावा, असंही म्हटलंय. उत्पन्न, जागा, तब्येत यांच्या रांगेत शेजार! त्या एका ओळीमुळंच आमचा गट उभा राहिला, म्हटलं तरी चालेल.

अर्ज कुठं करायचा? आम्हाला कन्नड लिहिता येत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी बाल संरक्षण घटकात. पाटीवर ‘मक्कळ रक्षणा घटक’ असं कन्नडमध्ये असतं. बाल कल्याण समिती वेगळी, एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची, मुलाला कुठं ठेवायचं याचा आदेश तीच देते. नोंदणी ऑनलाइन, दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवरही होते.

कन्नडची काळजी करू नका, पण न समजलेल्या कागदावर सहीही करू नका. आपल्या गल्लीत कन्नड शाळेत शिकलेलं कुणीतरी असतंच, त्याला सोबत न्या. आमच्यातला एकजण एवढंच काम करतो: फॉर्म मोठ्यानं वाचतो, ओळीओळीचं मराठी सांगतो, आणि दुसऱ्या रंगाच्या पेनानं समासात लिहून झेरॉक्स घरी देतो. खानापूर किंवा निपाणीहून कचेरीला तीन-चार खेपा होतात. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं बाईला सरकारी बसचं तिकीट पडत नाही, पण दिवस मोडतो. रोजगारावर जाणाऱ्या बाईला दिवस मोडणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. म्हणून कागद पुरे आहेत का हे आधी फोनवर विचारा, मग निघा.

पैसे मिळतात का?

मिळतात. फॉस्टरसाठीही मुलामागं महिन्याला ४,००० रुपये. ते मुलाच्या खाण्या-कपड्यांसाठी आणि शाळेसाठी आहेत, तुमची मिळकत म्हणून नाहीत. आणि हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येईल असं धरून घर चालवू नका. एकदा बरेच महिने पैसे अडकले तेव्हा आमच्या ओळखीच्या घरात गणवेश, वह्या, दवाखाना सगळं एकदम अंगावर आलं. त्या वेळी गल्लीतल्या किराणा दुकानदारानं वेगळी वही घातली. वहीवर मुलाचं नाव घातलं नाही, नुसतं ‘शाळा’ लिहिलं.

आम्हाला मूल ठेवून घेणं जमणार नाही. मग आमचा काय उपयोग?

फार आहे. आम्ही जे पाहिलंय त्यावरून सांगते: फॉस्टर आई मुलाला कंटाळत नाही, एकटेपणाला कंटाळते. मूल रात्री दचकून उठतं, शाळेतून तक्रार येते, सासू म्हणते ‘कशाला हे विकत घेतलंस’, आणि ज्यांच्याशी चार शब्द बोलावेत ते शेजारी ‘तुला हौस होती’ म्हणतात. मग एक दिवस ती समितीला सांगते, नाही जमत. मूल पुन्हा पिशवी भरतं.

त्यामुळं आम्ही मोठी मदत मागतच नाही. छोटी, ठरलेल्या दिवशीची मागतो. दर बुधवारी एक डबा भाजी. दर शनिवारी दुपारी दोन तास कुणीतरी त्या घरी जाऊन बसायचं, म्हणजे ती बाई बाजार करून येते किंवा नुसती झोपते. खानापूर भागात रोप लावणीच्या दिवसांत सगळं घर शेतात असतं, पाऊस थांबत नाही, शाळेतून आलेलं पोर कुलूप बघून पायरीवर बसतं. त्या तीन आठवड्यांत शेजारच्या म्हाताऱ्यानं आपल्या ओसरीवर त्याला बसवून घेतलं, चहा-चपाती दिली, एवढं पुरे. रिक्षावाल्यानं महिन्यातून एक दवाखान्याची खेप फुकट मारावी. केस कापणाऱ्यानं पोराला रांगेत न ताटकळवता बसवावं, कारण काही मुलांना मानेला कात्री लागली की धडकी भरते. गणित चांगलं येणाऱ्या कॉलेजच्या पोरीनं आठवड्यात दोन संध्याकाळ द्याव्यात.

बचत गटाला, महिला मंडळाला, पतसंस्थेला, गल्लीच्या पंचांना आमचं एकच सांगणं असतं. एकदम दहा हजारांचं सामान आणून देण्यापेक्षा वर्षभराचं एक काम अंगावर घ्या, आणि मंडळात कुणाचं नाव कोणत्या आठवड्याला हे कागदावर लिहा. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हटलं की कुणीही सांगत नाही.

आमच्यातल्या शिंप्याची गोष्ट. एका मुलीचा शाळेचा स्कर्ट शिवायला घेतला. माप घेताना तो आपलं काम करत बोलला, ‘चार बोटं दाब ठेवतो, पुढच्या वर्षी उसवून देईन.’ मुलगी त्याच्याकडं बघतच राहिली. त्याआधी ती तीन ठिकाणी राहून आलेली, पुढच्या वर्षी ती इथंच असेल असं कुणी तिला म्हटलेलं नव्हतं. घरी येऊन तिनं स्कर्ट उलटा केला आणि तो दुमडलेला दाब बोटांनी मोजला. एक, दोन, तीन, चार.

मूल कन्नड बोलणारं आणि घर मराठी. कसं जमायचं?

जमतं, आणि बेळगावात तरी जमलंच पाहिजे. समिती शक्यतो मुलाच्या भाषेचं, चालीरीतींचं घर बघते, पण दर वेळी मिळतंच असं नाही. आमच्याकडं कन्नड मूल मराठी घरात आलंय, मराठी मूल कन्नड घरात गेलंय, उर्दू बोलणाऱ्या बहीण-भावांसाठी दोन महिने घर शोधलंय. भावंडांना एकत्र ठेवण्याचा सगळा प्रयत्न करा, असं कायद्यातच आहे. म्हणून वेळ लागला तरी आम्ही थांबलो.

भाषेवरून आपल्या भागात काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. ते मुलाच्या ताटात आणू नका. मुलाची भाषा त्याच्या आईची असते, ती जपली तर आईकडं परत जाताना वाट सापडते. एका घरी नऊ वर्षांचा मुलगा आला, पहिले आठ-दहा दिवस तोंडच उघडेना. घरातल्या आजीला कन्नड येत नव्हतं. तिनं शेजारणीकडून एकच वाक्य पाठ केलं आणि रोज तो शाळेतून आला की दारातच विचारायची, ‘ऊट आय्ता?’ चुकीच्या हेलात. एक दिवस त्यानं तिचा हेल दुरुस्त केला. मग दोघांचा खेळच सुरू झाला: ती मराठीत आकडे म्हणायची, तो कन्नडमध्ये.

उलट बाजूनंही तेच. मराठी मूल कन्नड घरी गेलं असेल तर गल्लीतल्या मराठी माणसांनी त्याच्याशी मराठी बोलावं, वाचनालयातून गोष्टींची पुस्तकं नेऊन द्यावीत. शाळेचं माध्यम एकदम बदलायची घाई करू नये. आधीच घर बदललंय, मित्र बदललेत.

आमच्या मंडळातर्फे गणपतीत स्टेजवर बोलावून दप्तर दिलं तर?

कृपा करून नको. तुमचा हेतू चांगला आहे हे आम्हाला माहीत आहे. पण ‘अनाथ’ म्हणून माईकवर नाव पुकारलं की ते दप्तर ते पोर वर्षभर कसं वापरेल, याचा विचार करा. शिवाय अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं बंदी आहे. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच छापायचं-दाखवायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप स्टेटसलाही टाकू नका. एकदा एका शेजारणीनं कौतुकानं आरतीचा फोटो टाकला, तो फिरत फिरत ज्या माणसापासून मुलीला लांब ठेवलं होतं त्याच्यापर्यंत पोचला. मुलीला ते घर सोडावं लागलं. ती शेजारीण आजही त्यावरून रडते.

दप्तर द्यायचंय? शाळा उघडायच्या आधी घरी नेऊन द्या, आणि आणताना दोन-तीन रंगांचे आणा. त्याला निवडू द्या.

जुने कपडे दिले तर चालतील?

तुमच्या मुलाला जे घालाल ते द्या. चड्ड्या-बनियन नेहमी नवेच.

लक्ष्मी यात्रेला घरभर पाहुणे. ‘हे कुणाचं?’ विचारलं तर काय सांगायचं?

‘आमच्याकडं राहतो.’ पुरे. पण हे उत्तर आधी मुलाबरोबर बसून ठरवा, त्याला काय सांगितलेलं चालेल ते विचारा. काहींना ‘आमचाच’ म्हटलेलं आवडतं. काहींना नाही आवडत, त्यांना आपली आई आठवते. शेजाऱ्यांनी एक मदत करावी: एखादी आत्या खोदून खोदून विचारायला लागली की विषय बदलावा, पोराला काहीतरी आणायला पाठवावं.

मुलाचे आई-वडील भेटायला आले तर घरात घ्यायचं का?

समितीनं ठरवून दिलेल्या भेटी असतात, त्या ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी. अचानक कुणी दारात आलं तर बाल संरक्षण घटकाला फोन करा. पण आई-वडिलांबद्दल मुलासमोर वाईट बोलू नका, गल्लीतही बोलू देऊ नका. उसाच्या फडातून फडात फिरणारं, आजारपणात किंवा कर्जात बुडालेलं घर म्हणजे वाईट घर नव्हे. बापाचं दारूचं व्यसन सुटावं, आईला काम मिळावं म्हणूनही गावानं हात दिला तर मूल लवकर घरी जातं. आमच्या गटाला ही बाजू अजून नीट जमलेली नाही, हे कबूल करते.

सुट्टीला चंदगडला, वारीला पंढरपूरला नेलं तर चालतं?

आधी घटकाला कळवा, परवानगी घ्या. आपल्याला चंदगड म्हणजे शेजारचं गाव, पण मधे राज्याची हद्द आहे.

समितीचे लोक घरी येतात. आमच्यावर संशय आहे का?

नाही. दर महिन्याला पाहणी करायची असं कायदाच सांगतो. चहा करा, आणि मुलाला त्यांच्याशी एकट्यानं बोलू द्या. तुम्हाला काय अडतंय तेही त्याच वेळी सांगा. लपवलेली अडचण पुढं मोठी होते.

शेजारी म्हणून काही वावगं दिसलं तर?

१०९८ ला फोन करा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. मूल मार खातंय, शाळा सोडून राबतंय, कुणी नको तसं जवळ घेतंय, अशी शंका आली तरी पुरे, पुरावा गोळा करत बसू नका. हा नियम आम्हालाही लागू आहे. आमच्या गटातलं कुणीही, कितीही ओळखीचं असलं तरी, मुलाला एकटं घेऊन बंद खोलीत शिकवत नाही. ओसरी किंवा उघडं दार. यावर कुणी रुसलं तर रुसू दे.

स्टँडवर एकटं मूल दिसलं. आपणच घरी ठेवून घेतलं तर पुण्यच ना?

माया म्हणून ठीक, पण तसं करता येत नाही. पोलीस, १०९८, बाल संरक्षण घटक किंवा समिती यांना लगेच कळवायचं, आणि चोवीस तासांच्या आत मूल समितीपुढं न्यायचं (प्रवासाचा वेळ सोडून). कदाचित आई त्याच वेळी दुसऱ्या फलाटावर त्याला शोधत असेल. ‘ओळखीतून बाळ मिळवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा आणि कळवा. कायदेशीर मार्ग सोडून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, देणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही.

मूल परत गेलं की आम्ही काय करायचं?

तयारी महिनाभर आधी सुरू करा. शाळेचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद एका फाइलमध्ये. काही फोटो छापून वहीत चिकटवा, मागं तारीख लिहा. सामान प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, एक चांगली बॅग द्या. मंडळानं खर्च करायचा तर यावर करावा. ज्या घरी राहिलं ते घर रिकामं होतं, त्या बाईकडं पुढचे दोन-तीन आठवडे शेजारणींनी जाऊन बसावं. आम्ही बुधवारचा डबा तेव्हाही बंद करत नाही.

ती स्कर्टवाली मुलगी पुढच्या वर्षीही इथंच होती. जून उजाडायच्या आत तिनं स्वतः स्कर्ट शिंप्याकडं नेला, त्यानं दाब उसवून दिला. खालची नवी पट्टी गडद निळी आणि वरचं कापड धुऊन धुऊन फिकं. शिंपी म्हणाला, रंग जुळत नाही, नवा शिवून देतो. ती नको म्हणाली. दिवाळीनंतर तिची आई तिला न्यायला आली तेव्हा तोच स्कर्ट बॅगेत सगळ्यात वर होता.